आधी कागद, मग चित्र : मराठी प्रकाशक आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या पुस्तकांच्या एका मालिकेसाठी चित्रं काढाल का, अशी विचारणा नुकतीच एका प्रकाशन संस्थेकडून मला झाली. विषय आवडीचा होता, लेखकही आवडीचे. मग करारनामा आला. त्याप्रमाणे सगळ्या चित्रांचे, आज असलेल्या आणि पुढे कधीही निघणाऱ्या सगळ्या माध्यमांतले हक्क कायमचे प्रकाशकाचे होणार होते. चित्रं तयार करणाऱ्या एआय प्रणालीला शिकवण्यासाठी ती वापरण्याचा हक्कही त्यात घातला होता. मोबदला एकरकमी, तोही पुस्तक बाजारात आल्यावर. चित्रकाराचं नाव छापण्याबद्दल एक ओळही नव्हती.

मी सही केली नाही. कारण कळवलं, तर उत्तर आलं की हल्ली सगळेच चित्रकार याच नमुन्यावर सह्या करतात. ओळखीच्या चित्रकारांकडे चौकशी केली. खरंच तोच मजकूर, तीच कलमं, फक्त लेटरहेड वेगळं. म्हणून हे पत्र एका संस्थेला न लिहिता तुम्हा सर्वांना लिहिते आहे. आणि जाहीर लिहिते आहे, कारण दुकानात पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठाकडे क्षणभर बघत राहणाऱ्या वाचकालाही हा व्यवहार कसा चालतो ते कळलं पाहिजे.

मी उपयोजित कला शिकले आणि मराठी पुस्तकांसाठीच काम करायचं ठरवलं. मुखपृष्ठं, कथांची रेखाटनं, मुलांची पुस्तकं, यांवर माझं घर चालतं. जाहिरात क्षेत्रात यापेक्षा जास्त पैसे मिळतात. तरी इथे राहिले, कारण जी भाषा मी बोलते तिच्यातल्या गोष्टींना चेहरे द्यायचं काम मला दुसऱ्या कुठल्याही कामापेक्षा मोलाचं वाटतं. ते यापुढेही करता यावं एवढ्यासाठीच हा खटाटोप.

मराठीत चित्राला कधी किंमतच नव्हती, असं नाही. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकापासून दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. पुढच्या काळात लोक मुखपृष्ठ पाहून अंक उचलायचे. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला, तसाच चित्रकार रघुवीर मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला. मराठी घराघरांत ज्यांची चित्रं पोचली होती, त्या दोघांचेही स्वतःचे अंक होते. आपल्या अंकात आपलं चित्र कुठे, कसं आणि किती वेळा छापायचं, हे ठरवणारे तेच. माझ्यासारखीकडे अंक काढण्याइतकं भांडवल नाही. म्हणून मालक असल्यामुळे त्यांच्या हातात जे होतं, ते आम्हाला करारातून मिळायला हवं.

आणि करार म्हटला की तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात, अहो, आपल्याकडे सगळं शब्दावर चालतं. त्या शब्दात आपुलकी असते, हे मी नाकारत नाही. काही प्रकाशकांनी अडचणीच्या वेळी मला काम मागायच्या आधी पैसे पाठवले आहेत. पण कागद नसला की कायदा कोणाकडे झुकतो, तेही पाहू या.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. पण त्याच कलमात अपवाद आहे. कोणी मोबदला देऊन रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र करवून घेतलं, आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक काम करवून घेणारा. म्हणजे मुखपृष्ठाचं रंगचित्र मी नुसत्या शब्दावर दिलं, तर ‘वेगळं काही ठरलेलं नव्हतं’ असं म्हणायला तुम्ही मोकळे. रेखाचित्राचं नाव मात्र या अपवादात नाही, जरी कलाकृतीच्या व्याख्येत ते रंगचित्राहून निराळं नोंदवलेलं आहे. तेव्हा एकाच पुस्तकाचं रंगीत मुखपृष्ठ तुमचं आणि आतली शाईची रेखाटनं माझी, असंही होऊ शकतं. टॅब्लेटवर काढलेल्या चित्राला यातलं काय लागू पडतं, यावर दोन वकील दिवसभर भांडतील. हा सगळा गुंता कामाआधी लिहिलेल्या दोन ओळींनी सुटतो. त्या दोन ओळी टाळल्याचा फायदा एकाच पक्षाला होतो, आणि तो पक्ष आमचा नाही. म्हणून शब्दावर चालणारा हा व्यवहार मला यापुढे मान्य नाही.

हक्क घ्यायचेच असतील तर ते कसे घ्यायचे, हेही कायद्यात आहे. कलम १९ सांगतं की हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आणखी एक संरक्षण आलं. करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाला हस्तांतरण लागू होत नाही. ‘पुढे कधीही निघणारी सगळी माध्यमं’ अशा अर्थाचं वाक्य तुमच्या नमुन्यात आलं, ते या संरक्षणातून वाट काढण्यासाठीच आलं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेत खंडाने दिलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. एका आवृत्तीसाठी दिलेल्या चित्राचं तुम्ही ते बदलू पाहता.

आता तक्रारी. सगळ्या माझ्या किंवा माझ्या ओळखीच्या चित्रकारांच्या अनुभवातल्या आहेत. कोणाचं नाव घेणार नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही, रीतीचा आहे.

पहिली तक्रार, न विचारता केलेल्या वापराची. एका पुस्तकासाठी काढलेलं माझं चित्र पुढे त्याच संस्थेच्या कॅलेंडरवर आलं, मग कापडी पिशवीवर, मग ऑडिओबुकच्या आवरणावर. मला ते एका वाचकाने फोटो पाठवला तेव्हा कळलं. विचारलं असतं तर मी बहुधा हो म्हटलं असतं, थोड्याशा पैशांत. आपल्याला विचारायची गरजच कोणाला वाटली नाही, हे मनाला फार लागलं.

दुसरी, चित्रात परस्पर केलेल्या बदलांची. पानाच्या मांडणीत बसत नाही म्हणून चित्र आरशासारखं उलटवलं जातं. संगणकावर एका क्लिकचं काम. पण उलटवल्यावर बाईचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातो, लिहिणारा मुलगा डावखुरा होतो, छातीवरचा खिसा दुसऱ्या बाजूला जातो. वाचक मला विचारतात, साडी कशी नेसतात हेही तुम्हाला माहीत नाही का? कडा कापल्या जातात, रंग बदलले जातात, आकाशाची मोकळी जागा पुस्तकाच्या नावाखाली जाते. ती मोकळी जागा विचार करून ठेवलेली असते. कायद्याचं कलम ५७ कर्त्याला दोन हक्क देतं: कृती आपली आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा. हक्क विकले तरी हे दोन कर्त्याकडेच राहतात. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकलं गेलं. त्याविरुद्ध ते सरकारशी लढले आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले, शिवाय पाच लाख रुपये भरपाई दिली. तिथे समोर केंद्र सरकार होतं. मग पुस्तकाच्या पानावर तरी आम्हाला विचारा.

तिसरी तक्रार एआयची. इथे मला थोडं विस्ताराने बोलू द्या.

ऊसतोड मजुरांच्या मुलीची एक गोष्ट माझ्याकडे चित्रांसाठी आली होती. हंगाम सुरू झाला की बीडकडची कुटुंबं साखर कारखान्यांच्या भागात उतरतात, हे मला वाचून माहीत होतं. पण वाचलेलं काढता येत नाही. म्हणून मी मजुरांच्या तळावर गेले. कोपीची, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीची, कमान किती उंच असते, आत शिरताना बाई किती वाकते, चूल कोपीच्या बाहेर कुठल्या बाजूला मांडलेली असते, मोळी डोक्यावर घेऊन बाई गाडीकडे जाते तेव्हा मान आणि पाठ कशी होते, ऊस तोडताना साडीवर पुरुषी सदरा कसा चढवलेला असतो, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे कुठे रचलेले असतात, आई फडात असताना धाकट्या भावाला मोठी बहीण कशी कमरेवर घेते, हे सगळं बघितलं आणि वहीत काढून आणलं. त्या प्रवासाचे पैसे कोणी दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. तो कामाचा भाग आहे असं मी मानते.

त्यानंतर तशाच विषयावरच्या दुसऱ्या पुस्तकासाठी मला एआयकडून काढून घेतलेली चित्रं पाठवली गेली. म्हणणं असं, की नव्याने काढू नका, एवढी दुरुस्त करून द्या, आणि दुरुस्तीचेच पैसे घ्या. त्या चित्रांत मजुरांच्या हाती गहू कापायचा विळा होता. कोपीच्या जागी गवताने शाकारलेली गोल झोपडी होती, जी मी पाहिलेल्या तळावर कुठेच नव्हती. बायकांचे चेहरे गुळगुळीत, कपडे इस्त्रीचे. मागच्या पाटीवर देवनागरीसारखी दिसणारी, पण कुठलाच शब्द न होणारी अक्षरं. हे पुस्तक अशाच तळावर राहणाऱ्या मुलीच्या हातात पडलं असतं. आपलं घर चित्रात बघायची तिची ती कदाचित पहिली वेळ असती, आणि तिला तिथे भलतंच घर दिसलं असतं. मी ते काम नाकारलं.

हे तंत्रज्ञान वापरूच नका, असं माझं म्हणणं नाही. पण तळावर जाऊन काढून आणलेली माझी कोपी, माझी बाई, माझी मोळी त्या यंत्राला शिकवायची, आणि पुढच्या पुस्तकाला चित्रकाराची गरजच राहणार नाही अशी सोय करायची, तीही मला त्याच एकरकमी मोबदल्यात, याला मी संमती देणार नाही. ज्यांना द्यायची आहे त्यांनी द्यावी, पण वेगळ्या कागदावर, वेगळ्या मोबदल्यात, काय देतो आहोत ते कळून.

चौथी, पैशांची. काम दिल्यावर पैसे नव्हे, पुस्तक आल्यावर पैसे, ही अट आता सर्रास झाली आहे. पुस्तक येणं माझ्या हातात नसतं. लेखक प्रस्तावनेसाठी थांबतात, अनुदान अडकतं, कागद महागतो, आणि वर्ष उलटतं. दिवाळी अंकाचं तर ठरलेलं: जाहिरातींचे पैसे आले की देतो. जाहिरातदार आणि तुमच्यातल्या व्यवहाराशी माझ्या चित्राचा काय संबंध? छापखाना उधारीवर अंक बाहेर सोडत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद, असलेल्या चित्रकारालाही तो लागू होतो. काही ठरलं असलं तरी ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरासाठी खर्च म्हणून धरता येत नाहीत. हे तुमच्या सीएंना माहीत आहे. चित्रकार तक्रार करत नाहीत, कारण तक्रार केली की पुढचं काम जातं. आणखी एक गोष्ट. मोबदल्यातून टीडीएस, म्हणजे आमच्या प्राप्तिकरापोटीची रक्कम, आधीच कापला जातो, पण सरकारकडे वेळेवर भरला जात नाही. प्राप्तिकर खात्याकडच्या आमच्या कर-नोंदीत तो दिसत नाही, आणि विवरणपत्र भरायच्या वेळी आम्ही तुमच्या कार्यालयात फोन करत बसतो. ते पैसे कापलेत, म्हणजे ते आमचे होते.

पाचवी, नावाची. मुलांच्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्र सांगतं, कधी निम्म्याहून जास्त. तरी मुखपृष्ठावर फक्त लेखकाचं नाव. मुखपृष्ठकाराचं नाव श्रेयपानावर छापायची मराठीत चांगली रीत आहे, पण पुनर्मुद्रणात ते गळतं आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर तर जवळपास कधीच नसतं. दिवाळी अंकात सगळ्या चित्रकारांची नावं अनुक्रमणिकेच्या खाली एका ओळीत येतात. कुठल्या कथेचं चित्र कोणाचं, ते वाचकाने ओळखायचं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून पुस्तकं खुल्या परवान्यावर देतं. कोणीही ती उतरवून घ्यावी, भाषांतर करावी. तिथेही चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीने असतं, आणि पुढे वापरणाऱ्याने ते द्यायचं ही परवान्याची अट आहे. फुकट देणाऱ्यांना जे जमतं ते विकणाऱ्यांना का जमू नये?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तीन कच्चे आराखडे मागवून एकाचे पैसे द्यायचे आणि उरलेले दोन पुढे कुठेतरी वापरायचे, हे थांबवा. मंजूर झालेल्या आराखड्यावर काम पुरं झालं की लेखकाच्या घरच्यांच्या सूचना पाठवू नका. पाठवल्यात तर त्या बदलांचे वेगळे पैसे द्या. कथा फोनवर सांगू नका, पूर्ण पाठवा. न वाचता काढलेलं चित्र कथेला फसवतं. मुखपृष्ठ स्पर्धा घेऊन एकाला बक्षीस आणि आलेल्या सगळ्या चित्रांचे हक्क आयोजकांना, असले नियम करू नका. कागदावरचं मूळ चित्र काम झालं की परत करा.

तुमची अडचण मला दिसते. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते, विक्रेत्याचं कमिशन मोठं असतं, वितरकाकडचे पैसे वेळेवर येत नाहीत. या धंद्यात तुम्ही टिकून आहात याबद्दल माझ्या मनात आदर आहे. म्हणूनच मी दर वाढवून मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पैसे कमी असतील तर हक्कही कमी घ्या. एक आवृत्ती, एक भाषा, छापील पुस्तक, एवढंच घ्या. पुस्तक चाललं, दुसरी आवृत्ती निघाली, हिंदीत गेलं, तर तेव्हा थोडे आणखी द्या. तेव्हा तुमच्याकडेही पैसे आलेले असतील. पाच हजारांत एका आवृत्तीचं मुखपृष्ठ मी आनंदाने करेन. पाच हजारांत कायमचं सगळं देणार नाही.

मागण्या या आहेत:

१. काम सुरू होण्याआधी मराठीत, दोन्ही पक्षांच्या सहीचा लेखी करार. त्यात वापर, आवृत्त्या, भाषा, मुदत आणि प्रदेश स्पष्ट. कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, हे वाक्य त्यात असावं.

२. ई-पुस्तक, ऑडिओबुक, कॅलेंडर, वस्तू, भाषांतर यांसाठी वेगळी परवानगी आणि वेगळा मोबदला.

३. एआयला शिकवण्याचं कलम नमुन्यातून काढून टाकावं. पुस्तकात एआयचं चित्र वापरलं असेल तर श्रेयपानावर तसं छापावं, म्हणजे वाचकाला कळेल.

४. आराखडा मंजूर झाल्यावर निम्मे पैसे, बाकीचे अंतिम फाइल दिल्यापासून ४५ दिवसांत, पुस्तक आलेलं असो वा नसो. काम रद्द झालं तर तोवर झालेल्या कामाचे पैसे.

५. चित्रपुस्तकाच्या मुखपृष्ठावर, दिवाळी अंकात चित्राशेजारी, आणि विक्रीच्या प्रत्येक पानावर चित्रकाराचं नाव.

६. चित्र उलटवणं, कापणं, रंग बदलणं हे चित्रकाराला दाखवून, त्याच्या होकारानंतरच.

वाचकांना एक विनंती. मुलांसाठी पुस्तक घ्याल तेव्हा चित्रं कोणाची आहेत ते बघा. नाव सापडलं नाही तर प्रकाशकाला दोन ओळी लिहून विचारा. आमच्या शंभर फोनांपेक्षा ग्राहकाच्या एका पत्राचा परिणाम मोठा होतो.

दोन पानांच्या कराराचा एक मसुदा मी आणि काही चित्रकारांनी मिळून तयार केला आहे. वकिलाकडून तपासून घेतला आहे. तो मागणाऱ्या कोणत्याही प्रकाशकाला, संपादकाला किंवा चित्रकाराला विनामूल्य पाठवेन. त्यात तुम्हाला खटकणारी वाक्यं असतील तर सांगा, बसून बदलू. दिवाळी अंकांच्या कथा जुलै-ऑगस्टपासून आमच्याकडे येऊ लागतील. त्याआधी पुण्यात किंवा मुंबईत एक बैठक घ्या, मी येईन. तोवर, ज्या करारनाम्यावरून हे पत्र लिहिलं त्यावर मी सही करणार नाही, आणि यंदा लेखी कराराशिवाय एकही काम घेणार नाही.

आपली,
पुस्तकांसाठी चित्रं काढणारी एक स्वतंत्र चित्रकार
पुणे